माळावर लाकूड कुठे असतं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी माझा संशोधन आराखडा सादर करत होते. विषय होता दख्खनच्या माळरानांतल्या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची विविधता. पाचवी स्लाइड चालू असताना समितीतले एक सर म्हणाले, "एक मिनिट. माळरान म्हणजे गवत. मग लाकूड पोखरणारे किडे शोधायला तुम्ही गवतात कशाला जाताय? माळावर लाकूड असतं कुठे?" सगळे हसले. मीही हसले, कारण उत्तर नव्हतं. "तुरळक झाडं असतात सर," एवढंच कसंबसं बोलले आणि पुढची स्लाइड लावली.

तो प्रश्न पुढे दोन वर्षं डोक्यात राहिला. उत्तर शोधताना मी भुंगेऱ्यांपेक्षा जुनी पुस्तकंच जास्त चाळली आणि लक्षात आलं की सरांनी विचारलेला प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता. गेली दीडशे वर्षं या देशातलं वनशास्त्र आणि कीटकशास्त्र माळाकडे बघून हाच प्रश्न विचारत आलंय आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात आलंय. तुमच्यापैकी जे आता संशोधनाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण लिहावंच लागेल. मी ते आधी यादीसारखं लिहिलं होतं: अमुक साली अमुक म्हणाला, तमुक साली तमुक. नंतर ते फाडून पुन्हा लिहिलं. का, ते सांगते.

माळ, कुरण, पडीक

आधी माळाबद्दल. आपल्याकडे माळासाठी शब्द भरपूर आहेत. माळ, माळरान, कुरण, गायरान. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेली जागा, गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी सोडलेली. पवना, मारवेल, कुसळी ही गवतं, आणि त्यांच्यामध्ये अंतर राखून उभी असलेली हिवर, बाभूळ, खैर, बोर, हिंगण, पळस. सरसकट गवतही नाही आणि जंगलही नाही. शास्त्रीय भाषेत हा सॅव्हाना.

सरकारी कागदांत मात्र या जागेला स्वतःचं नाव क्वचितच मिळालं. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनंतर जमिनीची वर्गवारी झाली ती मुख्यतः दोन प्रश्नांवर: इथून महसूल किती येतो आणि इमारती लाकूड किती मिळतं? माळ दोन्हींत नापास. तो 'पडीक' ठरला. पुढे चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात (आजही आपण तेच वापरतो) आपला हा पट्टा आला तो 'काटेरी वन' म्हणून. म्हणजे झाडं कमी असलेलं, बिघडलेलं जंगल. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ आच्छादनावर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात दख्खनचा गवतप्रकार नीट मांडला; पण तिथेही मूळ समज हीच की गवत म्हणजे जंगल मोडून झालेली मधली अवस्था. १९८५ मध्ये पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. माळावर खड्डे खणून झाडं लावणं हे आता सत्कार्य झालं.

हे खरंच मोडलेलं जंगल आहे का? २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, चरित्रं, ओव्या, लोककथा वाचून त्यांत कोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो ते तपासलं. बहुतेक झाडं निघाली काटेरी, उजेडात वाढणारी, माळावरची. त्यांचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात गेलात तर कान्होपात्रेची आठवण म्हणून तरटीचं झाड दाखवतात. तरटी ही घनदाट जंगलातली वनस्पती नव्हे. आपण पिढ्यान्‌पिढ्या जिला हात जोडतो ती माळाचीच साक्ष आहे, हे माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीला एका निबंधातून कळावं, याची जरा लाजच वाटली.

आजही हा अधिवास दुर्मीळ होतोय. मुळात तो कमी होता असं नाही. शेती, कालवे, कारखाने, सौरप्रकल्प आणि वृक्षलागवड यांनी त्याचे तुकडे केले, म्हणून तो दुर्मीळ. सोलापूर-अहिल्यानगरचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. नंतर ते सुमारे १,२२२ वर आणलं गेलं. बारामतीजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर, रेहेकुरी सव्वादोन. या सगळ्यांची ओळख पक्षी नाहीतर हरणं यांच्यामुळे. भुंगेऱ्यासाठी कोणी अभयारण्य करत नाही, आणि माझी तशी मागणीही नाही.

पैसा जिथे, किडा तिथे

आता भुंगेऱ्यांकडे वळू. लाकूड पोखरणारे भुंगेरे म्हणजे एक कुळ नव्हे. लांब मिशांचे 'लांबशिंगी' (सेरॅम्बिसिडी), चकाकणारी सोनपाखरं (ब्युप्रेस्टिडी), आणि घरातल्या बांबूची, सरपणाची पीठासारखी भुकटी करणारे भुंगे (बॉस्ट्रिकिडी) ही माझ्या कामातली मुख्य तीन कुळं. आंब्याच्या खोडातला भिरूड तुम्ही पाहिला असेल. तो लांबशिंग्याची अळी. प्रौढ भुंगेरा काही आठवडे दिसतो. बाकीचं सगळं आयुष्य अळी म्हणून लाकडाच्या आत. म्हणूनच त्यांची मोजदाद अवघड.

यांना भारतात शास्त्रीय नावं मिळायला सुरुवात झाली अठराव्या शतकात. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस युरोपात बसून जगभरातून आलेल्या कीटकांची वर्णनं लिहीत होता. त्यातले बरेच भारतीय नमुने दक्षिणेतल्या त्रांकेबारच्या, म्हणजे आजच्या तरंगंबाडीच्या, डॅनिश वसाहतीतून गेलेले. त्या काळच्या नोंदीत ठिकाण म्हणून फार तर 'भारत' लिहिलेलं. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, काही नाही.

दख्खनवर लक्ष गेलं ते १८२० च्या दशकात. कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरला. त्याने पक्ष्यांची, सस्तन प्राण्यांची, माशांची यादी केली. कीटकांत त्याने स्वतंत्र लेख कशावर लिहिला? 'कोलिसुरा' या रानरेशमाच्या किड्यावर. कारण उघड आहे: रेशीम.

हे सूत्र एकदा दिसलं की पुढचा सगळा इतिहास त्यावर ओवता येतो. ज्या किड्यातून पैसा येतो किंवा ज्याच्यामुळे पैसा बुडतो, तेवढ्याचीच नोंद. एकोणिसाव्या शतकात 'स्टर्नोसेरा' या सोनपाखराचे हिरवे पंख कापडावर शिवायची टूम होती. मद्रास, हैदराबाद, कोलकात्यात असं भरतकाम व्हायचं. लंडनमध्ये १८८८ साली एलेन टेरी या अभिनेत्रीने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेला झगाही अशाच पंखांनी मढवलेला होता. म्हणजे पंख साहेबाच्या रंगमंचापर्यंत पोचले. पण ते पाखरू आयुष्यातला मोठा काळ कुठे आणि कसा काढतं, हे जाणून घ्यायची घाई कोणाला नव्हती.

१९०६ मध्ये डेहराडूनला वन संशोधन संस्था उभी राहिली आणि वनकीटकशास्त्राला घर मिळालं. एडवर्ड स्टेबिंगचा भारतातल्या वनोपयोगी भुंगेऱ्यांवरचा जाडजूड ग्रंथ १९१४ चा. त्याच्यानंतर सिरिल बीसन. हा माणूस मला फार आवडतो. टी. ई. लॉरेन्सचा, म्हणजे 'अरेबियाच्या लॉरेन्स'चा, ऑक्सफर्डमधला बालमित्र. डेहराडूनला येऊन त्याने आयुष्यातली ऐन वर्षं लाकडातल्या किड्यांत घालवली, १९४१ मध्ये वनकीटकांवरचा असा ग्रंथ दिला की तो आजही माझ्या टेबलावर उघडा असतो. आणि निवृत्तीनंतर इंग्लंडला जाऊन चर्चच्या जुन्या घड्याळांचा अभ्यासक झाला.

बीसनचं नाव गाजलं सालच्या भुंगेऱ्यामुळे. १९२० च्या दशकात मध्य प्रांतात, मंडला-बालाघाट भागात, 'हॉप्लोसेरॅम्बिक्स' या लांबशिंग्याने सालवृक्षांची दाणादाण उडवली. साल म्हणजे रेल्वेचे स्लीपर, म्हणजे थेट तिजोरी. तेव्हा एक युक्ती पक्की झाली: सालचे ओंडके तोडायचे, साल ठेचायची, रस पाझरू द्यायचा. त्या रसावर भुंगेरे तुटून पडतात आणि सुस्तावतात. मग गावकऱ्यांनी ते वेचायचे आणि भुंगेऱ्यामागे पैसे घ्यायचे. पुढे १९९० च्या दशकात पुन्हा उद्रेक झाला तेव्हाही हीच युक्ती वापरली गेली.

मला यात थांबायला लावलं ते एका गोष्टीने. त्या मोहिमांत वेचलेल्या भुंगेऱ्यांचे प्रचंड आकडे कागदोपत्री मिळतात. वाचताना वाटतं, वा, काय सुंदर माहिती आहे! पण तो मजुरीचा हिशेब आहे. ज्या भुंगेऱ्याला पैसे नव्हते, तो त्याच ओंडक्यावर बसलेला असला तरी मोजला गेला नाही. संशोधनात आपण जुना आकडा उचलतो तेव्हा तो कोणत्या वहीतून आलाय हे बघायला हवं.

बाभळीची फाईल

मग माळाचं काय? माळावरच्या एकाच झाडाला साहेबाच्या लेखी किंमत होती: बाभूळ. बैलगाडीची चाकं, नांगर, कुळव बाभळीचे. सालीत टॅनिन, म्हणून चामडं कमावायला तीच. शिवाय डिंक, शेळ्या-मेंढ्यांना शेंगा, आणि जळण. वऱ्हाडात वनखात्याने बाभूळबनं राखली होती. त्यामुळे माळावरच्या भुंगेऱ्यांपैकी सगळ्यांत सविस्तर चरित्र उपलब्ध आहे ते बाभळीच्या शत्रूचं, 'सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर' या लांबशिंग्याचं. बीसनने १९३१ मध्ये त्याच्या जीवनचक्रावर स्वतंत्र लेख लिहिला.

ते चरित्र असं: पावसाळ्यात प्रौढ बाहेर येतात, कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतात. मादी कोवळ्या झाडाच्या बुंध्याशी, सालीखाली अंडं घालते. अळी आत शिरते आणि वर चढण्याऐवजी खाली जाते, मुळात. मुख्य मूळ आतून पोकळ करते. जमिनीलगतच्या छिद्रातून भुसा बाहेर ढकलत राहते. झाड वरून बरं दिसतं आणि एक दिवस वाऱ्याने आडवं होतं.

आणि स्टर्नोसेरा, ते झग्यावरचं सोनपाखरू? प्रौढ बाभूळ-हिवरीची पानं खातं, पण अळी मातीत राहून मुळं खाते. काटेकोर अर्थाने ती लाकूड पोखरणारी नव्हेच, तरी कुळाने त्यांच्यातलीच.

मी हे दोन्ही वाचले होते, टिपणं काढली होती, आणि तरीही मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात दिसलं नव्हतं. ते दिसलं एका खड्ड्यात.

माझ्या अभ्यासातला एक माळ सोलापूर जिल्ह्यात आहे. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे गेले तर एका तुकड्यावर वृक्षलागवडीसाठी खड्डे मारायचं काम सुरू होतं. पोटात गोळा आला. कामावरच्या एका आजींनी मला ओळखलं. मी 'किडेवाली बाई' म्हणून तिथे प्रसिद्ध आहे. त्या म्हणाल्या, "ये गं, तुझं किडं हितं हायती." खड्ड्याच्या कडेला हिवराचं एक रोपटं होतं. वर गुडघाभर, अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार-पाच काड्या, शेळ्यांनी ओरबाडलेल्या. खाली, खड्ड्याच्या भिंतीत, टिकावाने तुटलेलं त्याचं मूळ माझ्या मनगटापेक्षा जाड. त्यात बोगदा, बोगद्यात भुसा आणि भुशात पांढरी अळी.

ते 'रोपटं' माझ्यापेक्षा वयाने मोठं असावं. माळावरची झाडं अशीच जगतात. वरचा भाग आगीत जळतो, जनावरं खातात, दुष्काळात वाळतो. झाड आपली शिल्लक जमिनीखाली ठेवतं आणि दरवेळी तिथून पुन्हा फुटतं. म्हणजे माळावर लाकूड भरपूर असतं. फक्त ते उभं नसतं, गाडलेलं असतं. बीसनच्या लेखात अळी खाली का जाते, याचं उत्तर त्या भिंतीत होतं: खाली तिचं अन्न आहे, आणि आग-ऊन दोन्हींपासून ती सुरक्षित आहे. नव्वद वर्षांपूर्वी ही गोष्ट बाभूळबनाचं नुकसान म्हणून लिहिली गेली. तीच गोष्ट माळाच्या बाजूने वाचली असती तर माळाच्या रचनेबद्दलचा पुरावा ठरली असती.

न आलेला खंड

इथे तुम्ही विचाराल, मग ती अळी कुठल्या जातीची होती? मलाही तेच हवं होतं. आणि इथे इतिहासाने दुसरा दणका दिला.

भारतातल्या लांबशिंग्यांची ओळख पटवायला आपण पहिलं पुस्तक उघडतो ते चार्ल्स गाहानचं, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला १९०६ चा खंड. त्यात किल्ली आहे, चित्रं आहेत, वर्णनं नेटकी आहेत. मी पहिले सहा महिने माझे नमुने त्या किल्लीतून चालवत होते आणि अर्धे कुठेच बसत नव्हते. मला वाटलं माझंच चुकतंय. प्रस्तावना नीट वाचल्यावर कळलं की त्या खंडात 'लॅमिनी' हा गटच नाही. तो पुढच्या खंडात यायचा होता. गाहानच्या हातून तो आला नाही. लॅमिनी हा लांबशिंग्यांतला सगळ्यांत मोठा उपगट. सेलोस्टर्ना त्यातलाच, आंब्याचा भिरूडही त्यातलाच. पुढे स्टेफान फॉन ब्रॉयनिंगने जगभरातल्या लॅमिनींची हजारो वर्णनं लिहिली, पण मुख्यतः संग्रहालयांतल्या नमुन्यांवरून, विखुरलेली, आणि भारताच्या मैदानात काम करणाऱ्याला हाताशी धरून नेईल अशी नव्हेत.

अळ्यांचं तर आणखीच कठीण. डेहराडूनच्याच जे. सी. एम. गार्डनरने १९२०-३० च्या दशकांत भारतीय भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर चिकाटीने लेखमाला लिहिली. तिच्या आधाराने मी माझी अळी लांबशिंग्यांची आहे इथपर्यंत पोचले. त्यापुढे वाट नाही, कारण त्याच्याकडे अळ्या आल्या त्या मुख्यतः वनखात्याला काळजी असलेल्या झाडांमधून. हिवर, हिंगण, बोरीच्या मुळातल्या अळ्या कोण डेहराडूनला पाठवणार?

त्यात नावांचा घोळ. बीसनच्या काळात बाभूळ म्हणजे 'अकेशिया अरेबिका'. मग 'अकेशिया निलोटिका'. २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियन झाडांकडे राहील हे कायम झालं, आणि आपली बाभूळ झाली 'व्हॅशेलिया'. खैर गेला 'सेनेगालिया'त. तुम्ही आजचं नाव टाकून जुन्या नोंदी शोधल्यात तर काहीच सापडणार नाही आणि तुम्ही आनंदाने लिहाल, 'या झाडावरील भुंगेऱ्यांची पूर्वनोंद नाही'. मी आराखड्यात असं एक वाक्य लिहिलं होतं. ते चूक होतं. सुदैवाने ते मलाच आधी सापडलं.

पेट्या

ओळख पटवायचा खात्रीचा मार्ग एकच: पोखरलेलं लाकूड आणायचं, जाळीच्या पेटीत ठेवायचं आणि प्रौढ बाहेर यायची वाट बघायची. बीसनच्या काळापासून हेच चालत आलंय. दिव्याचा सापळा, फांद्या झोडून चादरीवर किडे पाडणं, अल्कोहोलचा वास लावलेले सापळे या सगळ्यांत किडा मिळतो, पण तो कुठल्या झाडातला हे कळत नाही. पेटीत कळतं.

मी परवानग्या काढून पडलेल्या फांद्या आणल्या, झाडाप्रमाणे पेट्या केल्या आणि बजेटमध्ये बसते म्हणून खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी बसवली. दोन महिन्यांनी सकाळी प्रयोगशाळेत आले तर पेट्यांच्या शेजारच्या खिडकीत भुंगेरे. बॉस्ट्रिकिड भुंग्यांनी जाळी कुरतडली होती. या कुळातले काही भुंगे शिशाचं आवरणसुद्धा भोकसतात, हे मी वाचलेलं होतं! पण वाचलेलं आणि लक्षात असलेलं यांत फरक आहे. हिवराचे कुठले, बाभळीचे कुठले, सांगता येईना. ती सगळी तुकडी यादीतून काढावी लागली. एक अख्खा हंगाम गेला. मार्गदर्शक मॅडमना सांगताना रडू आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बारीक लोखंडी जाळी घे, आणि हे प्रबंधात लिही."

लिहिलंय. कारण जुन्या नोंदी वाचताना मी सतत हेच शोधत होते: याने कशात ठेवलं, कसं वेगळं केलं, काय निसटलं? आणि तेच कोणी लिहिलेलं नव्हतं.

यादीचं काय करायचं

शेवटची गोष्ट ताजी आहे आणि अजून संपलेली नाही.

माझ्या माळाला लागून द्राक्षबागा आहेत. सेलोस्टर्ना आता बाभळीपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात तो द्राक्षवेलीचं खोड पोखरतो. 'स्ट्रोमॅटियम बार्बेटम' हा दुसरा लांबशिंगी, जो अक्षरशः शेकडो प्रकारच्या लाकडांत वाढतो, तोही बागांमध्ये शिरलाय. ज्याची बाग वाळते त्याचं दुःख मोठं असतं. वेल पुन्हा उभी करायला वर्षं जातात. शेजारच्या बागेतले एक दादा माझ्याकडे आले, डबीत किडा घेऊन. सेलोस्टर्नाच. म्हणाले, "मॅडम, हा तुमच्या माळावरचाच ना? मग त्या बाभळी-हिवरीच काढून टाकल्या तर?"

काय सांगायचं? तो माळावर आहे, हे खरं. माझ्या यादीत तो आहे. आणि माझी यादी, जी मी माळ वाचावा म्हणून करत होते, ती एका वाक्यात माळाची आरोपपत्रिका होऊ शकत होती. स्टेबिंग-बीसनच्या ग्रंथांत नेमकं हेच झालं होतं. दुसरं काही लिहायला जागाच नव्हती, म्हणून जो किडा नोंदला गेला तो 'उपद्रवी' म्हणूनच नोंदला गेला.

मी त्यांना बसवलं आणि पेट्या दाखवल्या. बहुतेक भुंगेरे मेलेल्या, वाळलेल्या फांद्यांतून निघालेले. ते जिवंत झाडाला हात लावत नाहीत. वाळलेलं लाकूड फोडून मातीत मिळवतात. त्यांच्या अळ्या सुतारपक्षी खातात, त्यांच्या रिकाम्या छिद्रांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घरटी करतात. जिवंत झाड पोखरणारे मोजके. मग आम्ही त्यांच्या बागेत गेलो. बांधावर छाटलेल्या जुन्या वेलींचा ढीग तीन वर्षं तसाच पडलेला होता. स्ट्रोमॅटियमला याहून चांगलं आमंत्रण नाही. तो ढीग आधी हलवा, बुंध्याशी ताजा भुसा दिसला की तार घालून अळी काढा, पावसाळ्यात प्रौढ वेचा, हे मी सांगितलं. बाभळींबद्दल ते म्हणाले, "बघू." सेलोस्टर्ना माळावरून बागेत येतो की बागेतच वाढतो, हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही, आणि तेही मी त्यांना तसंच सांगितलं.

त्या दिवसापासून माझ्या नोंदवहीत तीन रकाने वाढले: लाकूड जिवंत की मेलेलं; जमिनीच्या वर की खाली; आणि नमुना मला मिळाला तो कोणाच्या गरजेतून, माझ्या, वनखात्याच्या की शेतकऱ्याच्या. तिसरा रकाना बघून प्रयोगशाळेतले मित्र हसतात. हसू देत. शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत तो रकाना असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

तुम्ही आढावा लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. प्रत्येक जुन्या नोंदीपुढे लिहा: हे काम कोणी करायला सांगितलं होतं, आणि त्यांना काय वाचवायचं होतं? झाडाची आणि किड्याची जुनी नावं आधी गोळा करा, मगच 'नोंद नाही' म्हणा. पुस्तकाची प्रस्तावना वाचा. त्यात काय नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि कोणी भर सभेत हसून प्रश्न विचारला तर तो लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात माझं प्रगती-सादरीकरण आहे. तेच सर समितीत आहेत. पहिल्या स्लाइडवर त्या खड्ड्याचा फोटो लावलाय: वर अंगठ्याएवढ्या काड्या आणि खाली मनगटाहून जाड मूळ.